डिप्लोमा करायचाय म्हणजे नेमका कुठला?

मागच्या महिन्यात पुण्याहून भाचीचा फोन आला, मामा मी दहावीनंतर डिप्लोमा करावं म्हणतेय. फोन स्पीकरवर होता अन् आमचे आबा बाजूलाच चहा घेत बसलेले, ते लगेच म्हणले, "एवढे 95 टक्के पडले अन् डिप्लोमा? लातूरला आण तिला." आबांचं तरी काय चुकलं, आपल्याकडं डिप्लोमा म्हणलं की एकच, पॉलिटेक्निक. पोरगी बोलत होती आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएटच्या डिप्लोमाचं. दोन्ही दहावीनंतर सुरू होतात, सारखेपणा तिथंच संपला.

पॉलिटेक्निक तर घरोघरी माहितीय. 3 वर्षं, 6 सेमिस्टर, परीक्षा एमएसबीटीईची म्हणजे राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाची, प्रवेश दहावीच्या मार्कांवर, सीईटीची भानगड नाही. लातूरचं पुरणमल लाहोटी घ्या, संभाजीनगरचं घ्या, सरकारी असलं तर फी हजारांतच भागते. विषय राहिला तर एटीकेटी आहेच. संपलं की वाळूजच्या एमआयडीसीत कंपनीत लागा, नाहीतर डायरेक्ट सेकंड इयर इंजिनिअरिंगला जा. (ह्याला कमी लेखणारे लोक स्वतःच्या घरची मोटर बिघडली की डिप्लोमावाल्यालाच हुडकतात, असो.) फक्त एक आहे, पंधरा-सोळाव्या वर्षीच सिव्हिल का मेकॅनिकल ते ठरवावं लागतं.

आयबीचं उलटं. ही संस्था 1968 ला जिनिव्हात सुरू झाली, तिचा डिप्लोमा म्हणजे आपली अकरावी-बारावी, 2 वर्षं. एकाच बाजूला जाता येत नाही, दोन भाषा, एक सामाजिक शास्त्रांतला विषय, एक विज्ञान, गणित, अन् सहावा कलेतला नाहीतर वरच्यातलाच अजून एक. त्यातले साधारण 3 हायर लेव्हलला, म्हणजे प्रत्येकी 240 तास, बाकीचे स्टँडर्डला 150 तास. प्रत्येक विषयाला 7 पॉइंट म्हणजे 42, वर 3, असे 45. किमान 24 लागतात अन् सोबत अजून अटी आहेत, त्या नाही पाळल्या तर दोन वर्षं शाळेत जाऊनही डिप्लोमा हातात येत नाही, नुसते विषयांचे निकाल मिळतात.

अन् खरा घाम त्या वरच्या 3 पॉइंटांसाठी निघतो. एक तर 4000 शब्दांचा निबंध, स्वतः प्रश्न शोधून स्वतः अभ्यास करून लिहायचा. समजा भाचीनं घेतलं की 2016 ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणायची पाळी का आली, त्यात पावसाचा दोष किती अन् उसाचा किती, तर ह्याचं उत्तर कुठल्या गाईडात नाही, आकडे जमवा, वाचा, पुरावे द्या. दुसरं टीओके, म्हणजे थिअरी ऑफ नॉलेज, तिथं विचारतात की तुला जे माहितीय ते खरं कशावरून. आयएमपी प्रश्न पाठ करून मार्क काढायची सवय असलेलं लेकरू इथं पहिल्या वर्षी लई गोंधळतं. तिसरं सीएएस, म्हणजे खेळ, कला, समाजसेवा, ह्याला मार्क नाहीत पण केल्याशिवाय डिप्लोमा नाही.

आता करावं का नाही. फी वर्षाला लाखांत, ते आधी घरात बोलून घ्या. डॉक्टरकीच्या नीट परीक्षेचा विचार असेल तर शंभरदा विचार करा, कारण नेहमीच्या रचनेत दोनच विज्ञान विषय बसतात अन् नीटला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी तिन्ही लागतात, तिसऱ्यासाठी खास परवानगी काढावी लागते, वरून नीटची तयारी वेगळीच करायची. भारतात आयबीला बारावीच्या बरोबरीची मान्यता आहे, तो प्रश्न नाही, पण मेच्या परीक्षेचा निकाल जुलैत लागतो तेव्हा इथं ॲडमिशनची धावपळ चालू असते. बाहेरदेशी जाणाऱ्यांचं बरंय, तिथं शाळेनं दिलेल्या अंदाजी ग्रेडवर आधीच ऑफर येते.

मी भाचीला एकच विचारलं, डॉक्टर व्हायचंय का? म्हणली नाही मामा, इकॉनॉमिक्स, अन् मला लिहायला आवडतं. मग कर म्हणलं. आबांना हे सगळं अर्धा तास समजावलं, त्यांनी ऐकून घेतलं अन् विचारलं, "म्हणजे ह्या डिप्लोम्यानं नोकरी लागत नाही ना?"

नाही लागत आबा, ह्याच्यावर नुसतं पुढं शिकायला जाता येतं.

"मग डिप्लोमा कशाला म्हणतेत त्याला," म्हणले, अन् चहाचा कप पुढं केला.