चेनसॉ चालू होत नाही: प्लग ओला आहे की कोरडा?

चेनसॉची, म्हणजे लाकूड कापायच्या पेट्रोलवरच्या करवतीची, दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो, मशीन मात्र ढिम्म. अशा वेळी बहुतेकदा दोनपैकी एक गोष्ट झालेली असते. एकतर सिलिंडरमध्ये पेट्रोल गरजेपेक्षा जास्त गेलेलं असतं, म्हणजे मशीन ओव्हरफ्लो झालेलं असतं, नाहीतर पेट्रोल तिथवर पोचतच नसतं. बाहेरून दोन्ही अगदी सारखं दिसतं, पण उपाय मात्र नेमके उलटे. ओव्हरफ्लो झालेल्या मशीनला पुन्हा चोक (हवा अडवून पेट्रोल जास्त ओढायला लावणारी झडप) दिला की ते आणखी भिजतं. उपाशी मशीनचा चोक काढून ओढत बसलं तर आत नुसती हवा फिरते. म्हणून पाचसहा ओढ्यांत चालू झालं नाही तर आणखी जोर लावू नका. स्विच बंद करा आणि प्लग, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग, काढून बघा.

प्लगचं टोक ओलं आणि पेट्रोलचा वास येत असेल तर ओव्हरफ्लो. पाचसहा वेळा पूर्ण चोकवर ओढूनही टोक कोरडं असेल तर पेट्रोल पोचत नाही.

ओव्हरफ्लो बहुतेक वेळा मशीन करत नाही, ओढणारा करतो. थंड मशीन पूर्ण चोकवर ओढताना दोनचार ओढ्यांत एक हलकी ‘फट्’ येते. ती आली की चोक उघडायचा, लिव्हर अर्ध्या थ्रॉटलच्या (अर्ध्या रेसच्या) खाचेवर आणायचा आणि मग चालू होईपर्यंत ओढायचं. आजूबाजूला दुसरं मशीन चालू असेल किंवा कानावर मफ असतील तर ही फट् ऐकूच येत नाही. माणूस चोकवरच ओढत राहतो आणि पुढच्या चार ओढ्यांत प्लग भिजतो. दुसरी सवय त्याहून वाईट: दहा मिनिटं चहाला थांबून आल्यावर गरम मशीनला पुन्हा पूर्ण चोक देणं. गरम मशीनला चोक लागत नाही, अर्ध्या थ्रॉटलची खाच पुरते.

भिजलेलं मशीन कोरडं करायला प्लग काढून, स्विच बंद ठेवून, चोक पूर्ण उघडा. टाकीचं झाकण घट्ट आहे ना ते बघा. मशीन उलटं करून प्लगचं भोक खाली येईल असं धरा आणि आठदहा वेळा दोरी ओढा. भोकातून पेट्रोलचा फवारा उडतो, तेव्हा तोंड बाजूला ठेवा, विडी-सिगारेट लांब ठेवा आणि प्लगची वायर भोकाजवळ लोंबू देऊ नका. प्लग पुसून वाळवा, त्याच्या टोकातलं अंतर 0.5 मिमी आहे का ते बघा, बसवा, आणि आता चोक न देता ओढा.

एक गफलत इथे नेहमी होते. प्लगला करंटच येत नसेल तरी पेट्रोल जळत नाही आणि प्लग ओलाच निघतो. दोनदा वाळवूनही तीच गत असेल तर प्लग त्याच्या वायरच्या टोपीत बसवून, इन्सुलेटेड पकडीने धरून, त्याचे आटे सिलिंडरच्या धातूला टेकवा आणि ओढून ठिणगी बघा. हे भोकापासून लांब, आणि आधी उडालेलं पेट्रोल पुसून, वाफ जाऊ देऊन करायचं. ठिणगी नसेल तर आधी नवा प्लग, मग स्विचची वायर, शेवटी ठिणगीसाठी करंट देणारी कॉइल.

कोरड्या प्लगचा शोध टाकीपासून सुरू करा. कार्बोरेटरजवळ (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाजवळ) पारदर्शक रबरी फुगा असेल तर तो दाबा. तो पेट्रोलने भरत नसेल तर टाकीतला फिल्टर तुंबलाय किंवा नळीला चीर गेलीय. या फुग्याबद्दल एक गैरसमज आहे. चेनसॉवरचा हा फुगा सिलिंडरमध्ये पेट्रोल मारत नाही, कार्बोरेटरमधून ओढून ते टाकीत परत पाठवतो. त्यामुळे तो जास्त दाबल्याने मशीन ओव्हरफ्लो होत नाही.

फुगा भरतोय आणि तरी प्लग कोरडा, तर बहुधा कार्बोरेटरमधला पेट्रोल ओढणारा पातळ पडदा (डायफ्रॅम) कडक झालेला असतो. महिनोन्‌महिने टाकीत राहिलेलं पेट्रोल याला कारण. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी धरतं आणि जुन्या रबराला सोसत नाही. पेट्रोल-ऑइलचं मिश्रण महिन्याभरात संपेल एवढंच करा: 50:1 (50 भाग पेट्रोलला 1 भाग ऑइल) साठी लिटरला 20 मिली टू-टी ऑइल, 25:1 साठी 40 मिली. कुठलं प्रमाण ते मशीनच्या पुस्तिकेत बघा, दुकानदाराच्या अंदाजावर सोडू नका.

खात्री करायची असेल तर प्लगच्या भोकात याच मिश्रणाचे चारपाच थेंब टाका, प्लग बसवा आणि चोक उघडून ओढा. दोन सेकंद पेटून बंद पडलं तर ठिणगी आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) ठीक आहेत, दोष पेट्रोलच्या वाटेवर आहे. नुसतं पेट्रोल टाकू नका, ऑइलशिवाय पिस्टनवर ओरखडे पडतात.

चालू होऊन पाचदहा मिनिटांनी मरतं, आणि टाकीचं झाकण सैल केलं की ‘फुस्स’ होऊन पुन्हा चालतं? मग टाकीत हवा जायचा मार्ग भुशाने बंद झालाय. उन्हाळ्यात उन्हात ठेवलेलं गरम मशीनही कोरडं पडतं, कारण कार्बोरेटरमध्येच पेट्रोलची वाफ होते. सावलीत पंधरा मिनिटं ठेवा आणि फुगा दहाबारा वेळा दाबून टाकीतलं थंड पेट्रोल फिरवा.

उलट, चोक न देताही प्लग दरवेळी भिजत असेल तर ओढणाऱ्याचा दोष नाही. आधी एअर फिल्टर झटका, कारण तो तुंबला की चोकचंच काम करतो. फिल्टर स्वच्छ असूनही तेच होत असेल तर कार्बोरेटरमधली पेट्रोल अडवणारी सुई गळतेय; सुई आणि पडद्याचा किट एकत्र बदलावा लागतो. हे सगळं होईपर्यंत कार्बोरेटरवरच्या एच आणि एल लिहिलेल्या स्क्रूंना हात लावू नका. एच जास्त आवळला तर हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि चालू झालेलं मशीन पूर्ण वेगात तापून पिस्टन सिलिंडरमध्ये जाम होतो.