दुर्मिळ प्रजातींचे ऑनलाइन डेटाबेस: अर्ज, पात्रता आणि कागदपत्रं (सातारा-सांगलीसाठी)

वनरक्षक, महाविद्यालयातले प्राध्यापक, पर्यावरण सल्लागार, गावच्या जैवविविधता समितीचं काम बघणारे कार्यकर्ते. हे डेटाबेस वापरायला शिकायचं म्हटलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘सर्टिफिकेट कुठलं लागतं?’ बऱ्याच ठिकाणी कुठलंच लागत नाही. पात्रता ठरते ती माहिती कशासाठी हवी आहे यावर. अभ्यास, शिक्षण किंवा संवर्धनासाठी हवी असेल तर एक रांग, धंद्यासाठी हवी असेल तर दुसरी. अर्ज भरण्याआधी आपण कोणत्या रांगेत आहोत हे स्वतःशी स्पष्ट करून घ्या.

सुरुवात जीबीआयएफ या जैवविविधतेच्या नोंदींच्या जागतिक खुल्या डेटाबेसपासून करावी. जगभरच्या संग्रहालयांतल्या आणि वनस्पतीसंग्रहांतल्या नमुन्यांच्या, तसंच हौशी निरीक्षकांनी टिपलेल्या नोंदी इथे एकत्र सापडतात. नोंदी पाहायला खातंही लागत नाही. डाउनलोडसाठी मोफत खातं काढावं लागतं, त्याला ईमेल पुरतो. आधार, पॅन काही नको. नकाशावर पाटण किंवा शिराळा तालुक्याभोवती रेघ ओढायची, प्रजाती निवडायची आणि मागणी नोंदवायची. फाइल तयार झाली की मेल येतो. प्रत्येक डाउनलोडला स्वतःचा डीओआय क्रमांक, म्हणजे संदर्भासाठीचा कायमचा ओळख क्रमांक मिळतो, अहवालात तोच द्यायचा. ‘इंटरनेटवरून साभार’ हे चालत नाही.

सल्लागारांनी इथे परवान्याचा रकाना जरूर बघावा. काही नोंदी पूर्ण खुल्या असतात, काहींना श्रेय देणं पुरतं, आणि काहींवर व्यावसायिक वापराला मनाई असते. चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्कीसाठी पैसे घेऊन अहवाल करणाऱ्याने हा तिसरा गट फिल्टर लावून आधीच वगळावा.

आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीचं, म्हणजे कोणती प्रजाती किती धोक्यात आहे हे सांगणाऱ्या यादीचं, जरा कडक आहे. प्रजातीचं पान कुणालाही वाचता येतं, पण आढळक्षेत्राचे नकाशे फाइलरूपात हवे असतील तर खातं काढून वापराचा हेतू लिहावा लागतो. ‘रिसर्च’ एवढा एकच शब्द टाकू नका. संस्था, विषय, तालुका आणि निष्कर्ष कुठे वापरणार हे चार-पाच वाक्यांत मांडा. पक्ष्यांचे नकाशे बर्डलाइफ इंटरनॅशनल या पक्षीसंवर्धन संस्थेकडे वेगळे मागावे लागतात. व्यावसायिक कामासाठी आयबॅट नावाची स्वतंत्र सेवा आहे आणि कंपन्यांना ती सशुल्क आहे. प्रजातीचं मूल्यांकन कसं करतात हे शिकवणारा आययूसीएनचा मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमही आहे. तो इंग्रजीत आहे, पण नेटाने केला तर जमतो.

ईबर्ड या पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींच्या डेटाबेसचा संपूर्ण डेटा हवा असेल तर फॉर्ममध्ये प्रकल्पाचा गोषवारा द्यावा लागतो आणि मंजुरीची वाट पाहावी लागते. शिकारीचा किंवा त्रासाचा धोका असलेल्या पक्ष्यांच्या नोंदी त्यातून वगळलेल्या असतात; त्यांच्यासाठी वेगळी विनंती करावी लागते.

इथवर फॉर्म भरण्याचं काम झालं. प्रशिक्षणाची खरी गरज लागते ती फाइल हातात आल्यावर.

पहिली गोची नावांची. कोयनेच्या परिसरातला एक भेक १९६३ मध्ये ‘बुफो कोयनायेन्सिस’ या नावाने नोंदवला गेला. २००९ मध्ये ‘झँथोफ्राइन’ हा नवा वंश (जीनस) मांडला गेला आणि त्याच्या नावातला ‘बुफो’ जाऊन ‘झँथोफ्राइन’ आलं. जुन्या अहवालातलं नाव शोधखिडकीत टाकून काही मिळालं नाही, म्हणून ‘प्राणी आढळत नाही’ असं लिहिणारे लोक आहेत. शिंदळ माकुडी या दुर्मिळ वनस्पतीची तीच कथा: फ्रेरिया, काराल्लुमा, बौसेरोसिया, तिन्ही नावांनी शोधावं लागतं. ती कोणत्या किल्ल्यांवर आहे हे मी इथे मुद्दाम लिहीत नाही.

कारण दुसरी गोष्ट तीच आहे: ठिकाण लपवणं. हौशी निरीक्षक जिथे फोटोंसह नोंदी टाकतात त्या आयनॅचरलिस्टवर संकटग्रस्त प्रजातीचा ठिपका खऱ्या जागी दिसत नाही. ०.२ अंशांच्या चौकोनात, म्हणजे साधारण २२ किलोमीटरच्या टापूत, तो कुठेही फेकला जातो. कास पठारावरच्या फुलाचा ठिपका सातारा शहरात पडला तर नवल नाही. म्हणून फाइलमधला अनिश्चिततेचा रकाना, जिथे मीटरमध्ये आकडा असतो, तो वाचल्याशिवाय अंतरं मोजू नयेत. आणि जिथे ठिपकाच नाही तिथे प्रजाती नाही असं समजू नये. अनेकदा तिथे कुणी गेलेलंच नसतं. कास गजबजलेलं असतं, जत तालुक्यातला माळ तितका पाहिलेला नसतो.

आणखी एक गोंधळ अहवालांत वारंवार दिसतो. लाल यादीतला दर्जा म्हणजे कायद्याचं संरक्षण नव्हे. भारतात ते वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या अनुसूचींवरून ठरतं. २०२२ च्या दुरुस्तीने त्या सहाच्या चार झाल्या, त्यामुळे जुना तक्ता कॉपी करणं थांबवा.

प्रशिक्षणात क्षेत्रभेट ठेवायची असेल तर मात्र अस्सल सरकारी अर्ज लागतो. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तिथे अभ्यास किंवा संशोधनासाठी प्रवेशाचा परवाना अधिनियमाच्या कलम २८ खाली मुख्य वन्यजीव रक्षक देतात. त्यांचं कार्यालय नागपूरला, तर प्रकल्पाच्या क्षेत्र संचालकांचं कोल्हापूरला. सागरेश्वर अभयारण्यालाही हेच कलम लागू होतं. कास हे मात्र अभयारण्य नाही, ते सातारा वन विभागाच्या ताब्यातलं वनक्षेत्र आहे. तिथे उपवनसंरक्षकांना लिहावं. फुलांच्या हंगामाचं पर्यटक तिकीट काढलं म्हणजे सर्वेक्षणाची मुभा मिळाली असं होत नाही.

अर्जाला संस्थेच्या लेटरहेडवरचं पत्र, दोन पानी टिपण, तारखा, जाण्याच्या जागा, सहभागींची यादी आणि ओळखपत्रांच्या प्रती जोडाव्यात. ‘फक्त निरीक्षण व छायाचित्रण, कोणताही नमुना गोळा करणार नाही’ असं वाक्य स्पष्ट घाला. रोप किंवा बेडूक उचलायचा असेल तर ती परवानगी वेगळी आणि तिची छाननीही वेगळी.

पठारं फुलतात ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये. त्या वेळची भेट हवी असेल तर अर्ज उन्हाळ्यातच टाका, आवक क्रमांकाचा शिक्का असलेली पोच घ्या आणि ती फाइलला लावून ठेवा.