पिझ बर्निना आणि बर्निना जिल्हा: शिखर एकीकडे, जिल्हा दुसरीकडे

स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडेन कँटनमध्ये (कँटन म्हणजे तिथलं घटक राज्य) परवापरवापर्यंत बर्निना नावाचा जिल्हा होता. त्याच भागात पिझ बर्निना नावाचं 4,049 मीटर उंच शिखरही आहे. साहजिकच कुणालाही वाटेल की शिखर त्या जिल्ह्यात असणार. पण ते होतं शेजारच्या मालोया जिल्ह्यात, सामेदान आणि पोंट्रेझिना या गावांच्या हद्दीवर. बर्निना जिल्हा बर्निना खिंडीच्या पलीकडे, दक्षिणेच्या उतारावर होता.

शिखराची ओळख लवकर आटोपते. पूर्व आल्प्समधलं ते सर्वांत उंच शिखर, आणि अख्ख्या आल्प्समधल्या चार हजार मीटरवरच्या शिखरांत सर्वांत पूर्वेकडचं. 13 सप्टेंबर 1850 रोजी योहान कोआझ हा सर्वेक्षक दोन मदतनीसांना घेऊन माथ्यावर पोचला. शिखराला जवळच्या खिंडीचं नाव त्यानंच दिलं. म्हणजे नावाच्या बाबतीत थोरली ती खिंड. मोर्तेराच हिमनदी या डोंगररांगेतूनच उत्तरेकडे उतरते आणि तिचं पाणी इन नदीला मिळतं.

जिल्ह्याची गोष्ट मात्र निवांत सांगावी अशी आहे. त्यात गावं दोनच: पोस्क्यावो आणि ब्रुझिओ. क्षेत्रफळ साधारण 237 चौरस किलोमीटर, वस्ती साडेचार हजारांच्या आसपास, भाषा इटालियन. बर्निनाच्या डोंगररांगेशी त्याचा संबंध अगदीच नव्हता असं नाही. पालू हिमनदी पोस्क्यावोच्या हद्दीत आहे. फक्त सर्वोच्च माथा त्याच्या वाट्याला आला नाही.

दोन्ही बाजू कुठे वेगळ्या होतात ते 2,328 मीटर उंचीच्या बर्निना खिंडीजवळ डोळ्यांनी दिसतं. तिथे दोन तळी जवळजवळ आहेत. काळ्या पाण्याच्या लेय नाइरचं पाणी इनमधून डॅन्यूबला आणि पुढे काळ्या समुद्राला जातं. दुधाळ लागो बियांकोचं पाणी पोस्क्यावोच्या खोऱ्यातून आद्दा नदीत, तिथून पो नदीत आणि शेवटी एड्रियाटिक समुद्रात पोचतं. तळ्यांच्या नावांतच भाषाही बदलते: पहिलं नाव उत्तरेकडच्या रोमान्श भाषेतलं, दुसरं इटालियन. माझ्या मते हा सगळा भाग समजून घ्यायला शिखरापेक्षा हा घाटमाथा जास्त उपयोगाचा आहे.

आता प्रश्न असा की पाणी इटलीकडे जातं, भाषा इटालियन, तरी हे खोरं स्वित्झर्लंडमध्ये कसं? उत्तर 1408 सालात आहे. त्या वर्षी पोस्क्यावो उत्तरेकडच्या 'देवगृह संघ' नावाच्या युतीत सामील झालं. पुढे हा आणि आणखी दोन संघ एकत्र आले आणि 1512 मध्ये त्यांनी खालचं वाल्तेल्लिना खोरं जिंकून घेतलं. वाल्तेल्लिना अंकित प्रदेश म्हणून राहिलं, पोस्क्यावो मात्र संघाचं सभासद होतं. हा फरक 1797 मध्ये निर्णायक ठरला. नेपोलियननं वाल्तेल्लिना तोडून उत्तर इटलीतल्या प्रजासत्ताकाला जोडलं, पोस्क्यावो जागच्या जागी राहिलं. 1803 मध्ये ग्राउब्युंडेन स्विस कँटन झालं, त्यात हे खोरंही आलं. पुढे 1851 मध्ये कँटनची जिल्ह्यांत विभागणी झाली.

खोरं लहान, पण कोपऱ्यात पडलेलं नव्हतं. पोस्क्यावोत 1547 च्या सुमारास छापखाना होता. इथले लोक मिठाईवाले म्हणून युरोपभर पांगले, आणि परतलेल्यांनी गावाच्या एका कडेला ऐटदार घरांची रांगच उभी केली. ती आजही बघण्यासारखी आहे.

सगळा घोळ वाढवला तो रेल्वेनं. 1910 मध्ये सेंट मोरिट्झ ते इटलीतलं तिरानो हा 61 किलोमीटरचा बर्निना रेल्वेमार्ग पूर्ण झाला. 2008 पासून तो जागतिक वारसा यादीत आहे. गाडी आधी शिखराच्या बाजूनं चढते, मोर्तेराचजवळ हिमनदीचं खोरं दाखवते, खिंडीजवळ जुन्या बर्निना जिल्ह्यात शिरते आणि 2,253 मीटरवर ओस्पित्सिओ बर्निना स्थानक गाठते. तिथून तिरानोपर्यंत साधारण 38 किलोमीटरमध्ये ती 1,824 मीटर खाली येते, तेही दातेरी रुळाशिवाय. उतार काही ठिकाणी हजार मीटरला 70 मीटर इतका तीव्र. ब्रुझिओला तर उंची कमी करायला पुरेशी जागाच नाही, म्हणून नऊ कमानींच्या दगडी पुलावर रूळ गोल फिरवलाय. गाडी पूर्ण वळसा घेते आणि आपण आत्ताच पार केलेल्या पुलाच्या कमानीखालून पुढे जाते. एकाच प्रवासात, एकाच नावाखाली दोन्ही बाजू बघितल्यावर प्रवाशांच्या मनात त्या एक झाल्या, तर त्यात नवल नाही.

2017 च्या सुरुवातीला कँटननं जुने जिल्हे मोडीत काढले आणि त्यांच्या जागी 'विभाग' आणले. बर्निना जिल्ह्याचा बर्निना विभाग झाला, गावं तीच दोन. त्यामुळे जुन्या कागदपत्रांत किंवा वंशावळीत 'जिल्हा बर्निना' दिसलं तर पोस्क्यावो किंवा ब्रुझिओत शोधा. आणि शिखर चढायचं असेल तर मुक्काम पोंट्रेझिनाला करा.