विषाणूवर पुन्हा संशय

कुत्रा चावला की पोटात चौदा इंजेक्शनं! चाळिशी ओलांडलेल्या वाचकांना ही धास्ती आठवत असेल. ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनायची. ब्रिटिश डॉक्टर डेव्हिड सेंपल यांनी कसौलीत १९११ साली तिची पद्धत बसवली. ती घेतलेल्या मोजक्या लोकांना पुढे लकवा व्हायचा. पाश्चर यांच्या मूळ लसीतही हे घडत असे, आणि संशय साहजिकच रेबीजच्या विषाणूवर जाई.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतल्या थॉमस रिव्हर्स यांनी १९३०च्या दशकात माकडांना सशाच्या निरोगी मेंदूचा अर्क पुन्हापुन्हा टोचला. विषाणूचा लवलेश नसताना काही माकडं लुळी पडली. त्यांच्या चेतातंतूंवरचं मायलिनचं आवरण झडलं होतं. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटायला धजत नाही, असं जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख म्हणत. इथे तर ती उलटली होती. लकव्यापुरता तरी विषाणू सुटला.

माणसात मायलिन झडण्याचा मुख्य आजार म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस. तो संसर्गातून येतो, असं फ्रेंच डॉक्टर पिएर मारी १८८४ मध्येच म्हणाले होते. पण कुठल्या? अनेक विषाणूंची नावं आली नि गेली. १९६४ मध्ये सापडलेला एप्स्टीन-बार तर निरुपयोगी संशयित वाटे: जगातल्या सुमारे ९५ टक्के प्रौढांच्या अंगात तो असतोच, मग आजारी आणि निरोगी वेगळे काढणार कसे?

उत्तर अमेरिकी लष्कराच्या शीतपेट्यांत होतं. एचआयव्ही चाचणीसाठी सैनिकांचं रक्त वेळोवेळी घेतलं जाई आणि उरलेलं जपून ठेवलं जाई. हार्वर्डच्या गटाने एक कोटीहून अधिक सैनिकांच्या नोंदी चाळल्या. आजार झालेल्या ८०१ जणांपैकी एकच असा निघाला, ज्याला त्याआधी एप्स्टीन-बारची लागण झालेली नव्हती. लागणीनंतर धोका ३२ पट वाढत होता. हे छापून आलं २०२२ मध्ये. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवलं की विषाणूच्या एका प्रथिनाचा तुकडा मेंदूतल्या ग्लायलकॅम या प्रथिनासारखा दिसतो. विषाणूशी लढायला शरीराने घडवलेली काही प्रतिपिंडं त्यालाही चिकटतात. विषाणू आणि मायलिन यांच्या प्रथिनांतलं असं साम्य १९८५ मध्येच सशांवर तपासलं गेलं होतं, तेव्हा तो विषाणू हेपटायटिस बीचा होता.

तरी लागण झालेल्या बहुतेकांना काहीच होत नाही. आनुवंशिकतेचा वाटा आहे, लागणीच्या वयाचाही असावा. पौगंडावस्थेत ती झाली तर अनेकांना ताप, घसादुखी, मानेत गाठी असा आजार होतो, आणि तो होऊन गेलेल्यांत धोका अधिक आढळतो. आपल्याकडे हा विषाणू बहुधा लहानपणीच, कुणाच्या लक्षातही न येता मुक्कामाला येतो.