चंद्रपूर शहरातील हवा प्रदूषण

पूर्व विदर्भातील चंद्रपूर हे शहर वर्धा खोऱ्याच्या कोळसा पट्ट्यात, इरई व झरपट या नद्यांच्या काठी वसले आहे. जिल्ह्यातील कोळसा उत्खननाचा आरंभ सामान्यतः वरोऱ्याच्या खाणीपासून, म्हणजे १८७० च्या दशकापासून धरतात. हवा प्रदूषणाचा प्रश्न मात्र प्रामुख्याने १९८० नंतरच्या औद्योगिक वाढीचा आहे. येथील महाऔष्णिक विद्युत केंद्राचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला. २१० मेगॅवॉटचे दोन जुने संच बंद झाल्यावर केंद्राची क्षमता २,९२० मेगॅवॉट राहिली. वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेड या सरकारी कोळसा कंपनीच्या) खुल्या खाणी, गडचांदूर-आवारपूर भागातील सिमेंट कारखाने, बल्लारपूरची कागद गिरणी आणि घुग्घुसचा स्पंज आयर्न उद्योग हे परिसरातील इतर स्रोत होत.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या सर्वंकष पर्यावरण प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूर ८३.८८ गुणांसह देशात चौथे आले. हा क्रम सर्रास ‘देशातील चौथी प्रदूषित हवा’ असा सांगितला जातो. ते बरोबर नाही. हवा (७०.७५), पाणी (६७.५०) व जमीन (६६.५०) यांचे गुण वेगवेगळे काढले होते. सर्वांत मोठा गुण पाया धरायचा आणि तो शंभरात जितका कमी पडतो, त्याला उरलेल्या दोन गुणांच्या शतांशांनी गुणून येणारी संख्या त्यात मिळवायची, अशी ही रीत आहे. येथे ७०.७५ मध्ये सुमारे १३.१३ ची भर पडते. म्हणजे ७० ची ‘अतिप्रदूषित’ मर्यादा केवळ हवेनेही ओलांडली असती. चौथा क्रमांक मात्र तिन्ही घटकांचा आहे. २०१६ मध्ये पद्धत बदलल्याने नंतरच्या गुणांशी थेट तुलना करू नये.

धुळीत वीज केंद्राच्या चिमणीचा वाटा किती, याबद्दल मतभेद आहेत. भारतीय कोळशात राख साधारण ३० ते ४५ टक्के असते, म्हणून काही जण वीज केंद्रालाच मुख्य कारण मानतात. इतरांचा भर खाणी व कोळसा वाहतुकीवर आहे: डंपरच्या चाकांना चिकटलेला ओला कोळसा रस्त्यावर वाळतो आणि मागून येणाऱ्या वाहनांखाली भुकटी होऊन उडतो. कणांच्या आकारानुसार विचार करणे अधिक सयुक्तिक वाटते. जाड धूळ (पीएम १०) बरीचशी जमिनीलगतची असते, तर सूक्ष्म कणांत (पीएम २.५) ज्वलनाचा आणि सल्फर डायऑक्साइडपासून हवेतच तयार होणाऱ्या सल्फेटचा वाटा मोठा असतो. कोळशाच्या शेगड्यांचा धूरही यातच मोडतो.

राष्ट्रीय मानकानुसार वार्षिक सरासरीची मर्यादा पीएम १० साठी ६० आणि पीएम २.५ साठी ४० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. हिवाळ्यात थंड हवा जमिनीलगत साचून पातळी चढते, पावसाळ्यात उतरते. खुटाळा एमआयडीसीत स्वयंचलित मापन केंद्र आहे. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात मानके न गाठणाऱ्या शहरांमध्ये चंद्रपूरचा समावेश आहे. जुलै २०२५ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार अशा शहरांपासून १० किमीच्या आतील औष्णिक केंद्रांना गंधक काढणारी संयंत्रे बसवणे सक्तीचे करायचे की नाही, हे प्रत्येक प्रकरणी स्वतंत्रपणे ठरते.