समुद्रातले प्लास्टिकचे कण आणि ऊन : एका प्रश्नाची पार्श्वभूमी

समुद्रात गेलेले प्लास्टिक शेवटी जाते कुठे, आणि ऊन त्याचे नुसते तुकडे करते की ते संपवतेही, हा तो प्रश्न. समुद्रावर तरंगणाऱ्या प्लास्टिकच्या बारीक तुकड्यांची पहिली ठळक शास्त्रीय नोंद १९७२ सालची आहे. अमेरिकेतील वुड्स होल येथील समुद्रविज्ञान संस्थेचे संशोधक एडवर्ड कार्पेंटर आणि के. एल. स्मिथ यांना अटलांटिकमधील सरगॅसो समुद्राच्या पृष्ठभागावर दर चौरस किलोमीटरला सरासरी ३,५०० तुकडे आढळले. त्यांतले बरेच ठिसूळ झालेले होते आणि हा उन्हापाण्याचा परिणाम असावा, असे त्यांनी तेव्हाच सुचवले होते. पुढची अनेक वर्षे या निरीक्षणाकडे जितके लक्ष जायला हवे होते तितके गेले नाही.

उन्हाने प्लास्टिक खराब होते, हे कारखान्यांतल्या रसायनतज्ज्ञांना मात्र आधीपासून ठाऊक होते आणि म्हणूनच ते त्यात स्थिरक, म्हणजे ही झीज रोखणारी द्रव्ये, मिसळत आले आहेत. पिशव्यांसाठी सर्रास वापरले जाणारे पॉलिएथिलीन शुद्ध असेल तर ते सूर्यप्रकाश जवळजवळ शोषतच नाही. पण उत्पादनाच्या वेळी त्यात राहिलेली अशुद्धी आणि ऑक्सिजनशी संयोग होऊन तयार झालेले कार्बोनिल गट (कार्बन आणि ऑक्सिजनच्या अणूंच्या जोड्या) अतिनील किरण शोषतात, त्यातून मुक्त मूलके, म्हणजे अतिशय क्रियाशील रेणुतुकडे, निर्माण होतात, ती हवेतल्या ऑक्सिजनशी जोडली जातात आणि लांबच लांब रेणुसाखळ्या ठिकठिकाणी तुटू लागतात. पृष्ठभागाला तडे जातात आणि मग लाटांच्या माराने कण सुटतात. प्रत्येक तुटीगणिक नवे कार्बोनिल गट तयार होत असल्याने एकदा सुरू झालेली ही क्रिया पुढे वेग घेते.

कार्बोनिल गटांचे प्रमाण अवरक्त किरणांच्या साहाय्याने मोजता येते आणि त्यावरून कण कितपत झिजला आहे याचा अंदाज बांधता येतो. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०१५ च्या जानेवारीत आणि जूनमध्ये कळंगुट, कोलवा आदी किनाऱ्यांवरून प्लास्टिकचे दाणे (कारखान्यांत कच्चा माल म्हणून वापरतात ते) गोळा करून त्यांच्या पृष्ठभागाची झीज तपासली. त्यात पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रोपिलीनचे पांढरे दाणे सर्वाधिक होते, आणि ते किनाऱ्याला लागण्यामागे नैर्ऋत्य मोसमी वारे व प्रवाह असल्याचे त्यांनी दाखवले.

पाण्यात ही झीज किनाऱ्यापेक्षा बरीच मंद असते. प्लास्टिकचे अभ्यासक अँथनी अँड्रॅडी यांनी प्लास्टिकच्या पट्ट्या उघड्या हवेत आणि समुद्राच्या पाण्यात ठेवून हा फरक मोजला. पाण्यात प्लास्टिक तापत नाही आणि काही काळातच त्यावर शेवाळाचा थर चढून ऊन अडते, ही त्याची मुख्य कारणे आहेत.

ब्रिटनमधील रिचर्ड थॉम्पसन आणि सहकाऱ्यांच्या २००४ च्या शोधनिबंधानंतर प्लास्टिकच्या अशा बारीक कणांसाठी ‘मायक्रोप्लास्टिक’ हा शब्द रूढ झाला. इतके प्लास्टिक समुद्रात जाते, मग ते सगळे कुठे आहे, हा त्यांचा प्रश्न होता. २०१४ मध्ये स्पेनच्या मालास्पिना या सागरी संशोधन मोहिमेच्या आधारे संशोधक आंद्रेस कोझार यांनी समुद्रांच्या पृष्ठभागावर केवळ ७,००० ते ३५,००० टन प्लास्टिक तरंगत असल्याचा अंदाज मांडला, आणि समुद्रात जाणारे व तिथे दिसणारे प्लास्टिक यांच्या हिशेबातली तूट अधिकच उघडी पडली.

तोवर ऊन हे मुख्यतः कण घडवणारे म्हणून पाहिले जात होते. तेच कण संपवतही असेल, या शक्यतेला ठळक पुरावा मिळाला तो २०१९ मध्ये. वुड्स होल येथील कॉलिन वॉर्ड यांच्या गटाने दाखवले की आपण ज्याला थर्मोकोल म्हणतो ते पॉलिस्टायरीन उन्हात काही दशकांत अंशतः पाण्यात विरघळणाऱ्या सेंद्रिय कार्बनमध्ये रूपांतरित होऊ शकते आणि काही शतकांत पूर्णपणे कार्बन डायऑक्साइडमध्ये. तोपर्यंत ते हजारो वर्षे टिकते असे सर्रास मानले जाई. प्लास्टिकमध्ये कोणती द्रव्ये मिसळली आहेत यावर हा वेग अवलंबून असतो, हा त्यांच्या कामातला भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचा निर्णय समुद्रात नव्हे तर कारखान्यात होतो. नेदरलँड्समधील समुद्र संशोधन संस्थेच्या अॅनालिसा डेलरे यांनी २०२३ मध्ये पृष्ठभागावरच्या दृश्य प्लास्टिकपैकी सुमारे दोन टक्के दरवर्षी अशा रीतीने नाहीसे होत असावे, असा अंदाज दिला.

‘नाहीसे’ याचा अर्थ इथे जपून घ्यावा लागतो. त्यातला काही भाग वायू होतो, काही पाण्यात विरघळतो आणि काही डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिसूक्ष्म कणांच्या रूपात उरतो. विरघळलेला कार्बन सागरी जीवाणू बहुतांशी खातात, पण २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पॉलिएथिलीनच्या एका नमुन्यातून निघालेल्या द्रव्यांनी जीवाणूंची वाढ खुंटवल्याचेही आढळले होते. शिवाय ही सगळी क्रिया उजेड पोहोचतो तिथपर्यंतचीच आहे. शेवाळाच्या भाराने जे कण खोल तळाशी गेले, त्यांना ऊन लागतच नाही.