टर्पेंटाइन की जवसाचं तेल? समुद्रकाठी रंग पातळ करताना

तैलरंग घेऊन पहिल्यांदा बाहेर चित्र काढायला निघालेल्याच्या पेटीत दोन छोट्या बाटल्या हमखास असतात. एकीत टर्पेंटाइन, दुसरीत लिनसीड, म्हणजे जवसाचं तेल. दोन्हींवर ‘ऑइल’ छापलेलं, आणि दोन्हींतलं काहीही घातलं तरी ट्यूबमधला घट्ट रंग सैल होतो. मग हाताला येईल ती बाटली उघडायची, असं चालू होतं. के. बी. कुलकर्णींच्या हाताखाली चित्रकार रवी परांजपे ज्या बेळगावात शिकले, तिथंही नवशिके हेच करतात. घरात ते काही काळ खपूनही जातं. जानेवारीत खानापूर, रामनगर, जोयडा करत अणशी घाट उतरून कारवारच्या वाळूत ईझल, म्हणजे चित्र टेकवायची घोडी, उभं केलं की मात्र दोन दिवसांत हिशेब चुकतो.

साध्या कागदावर दोन्हींचा एकेक थेंब टाकून बघा. सुरुवातीला दोन्ही डाग सारखेच दिसतात. थोड्या वेळानं टर्पेंटाइनचा डाग कडेपासून आत आकसत जातो आणि कागद जवळजवळ पहिल्यासारखा होतो. तेलाचा डाग जागचा हलत नाही. कागद उजेडासमोर धरला तर तेवढाच भाग पारदर्शक दिसतो, दुसऱ्या दिवशीही.

टर्पेंटाइन उडून जातं आणि तेल राहतं. बाकी सगळं यातूनच येतं. टर्पेंटाइन रंग पसरवायला मदत करतं आणि हवेत निघून जातं, रंगकण धरून ठेवण्यात त्याचा काही वाटा नाही. ते जास्त झालं तर रंगातलं मूळचं तेलही इतकं पसरतं, की सुकल्यावर बोट फिरवलं तर भुकटी हाताला लागते. तेलाचं काम उलटं. ते सुकतं म्हणतो खरं, पण टर्पेंटाइनसारखं उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं, त्याचे रेणू एकमेकांत गुंफत जातात आणि त्याचा चिवट पापुद्रा बनतो. त्यामुळं सुकताना तेलाच्या थराचं वजन कमी होत नाही, वाढतं. हाताला न चिकटण्याइतकं व्हायला काही दिवस लागतात, आतून पक्कं व्हायला महिने. वार्निशसाठी सहा महिने थांबा म्हणतात ते म्हणूनच.

हे जवसाला जमतं, शेंगतेलाला नाही. जवसाच्या तेलात लिनोलेनिक आम्लाचा वाटा निम्म्याच्या आसपास असतो आणि ऑक्सिजनशी जोडलं जातं ते मुख्यतः हेच. भाकरीबरोबर जवसाची चटणी खाणाऱ्या आपल्या भागात बाटली संपल्यावर ‘स्वयंपाकघरातलं थोडं चालेल का’ हा प्रश्न येतोच. शेंगतेल किंवा खोबरेल रंगात घातलं तर तो थर कायम ओलसर, चिकट राहील. करडईचं तेल त्यातल्या त्यात सुकणारं. पांढरा रंग पिवळा पडू नये म्हणून काही कंपन्या तो त्यातच घोटतात. पण बाजारातली खाण्याच्या तेलाची पिशवी रंगासाठी बनवलेली नसते. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं ‘डबल बॉइल्ड’ लिनसीडही दारं-खिडक्यांसाठी ठीक. लवकर सुकावं म्हणून त्यात धातूंचे क्षार घालतात आणि ते जास्त पिवळं पडतं. तिथंच टर्पेंटाइन म्हणून हातात येतं ते बहुधा खनिज तेलापासून केलेलं असतं, पाइनच्या डिंकापासूनचं नव्हे. ब्रश धुवायला त्यात काही वावगं नाही. वार्निशसाठी वापरतात ती डमार राळ मात्र त्यात नीट विरघळत नाही.

कारवारचा किनारा पश्चिमेकडं तोंड करून आहे. सकाळी ऊन सह्याद्रीच्या डोंगरावरून, म्हणजे आपल्या पाठीमागून येतं. काळी नदीचं मुख आणि पलीकडचा सदाशिवगड तेव्हा स्वच्छ दिसतो. वाराही जमिनीकडून, मंद. दुपारपासून तो फिरतो, समुद्रावरून येऊ लागतो आणि बारीक वाळू उडवतो. हिवाळा म्हटलं तरी तिथं दुपारी तिशीपर्यंत पारा जातोच. उघड्या वाटीतलं टर्पेंटाइन बघता बघता कमी होतं, म्हणून वाटीला झाकण हवं. तेल मात्र वाटीत तसंच असतं आणि कॅनव्हासवरही तसंच, चिकट. सकाळीच रंगात सढळ हातानं तेल घातलं असेल तर दुपारची वाळू त्यावर सरळ बसते. ओल्यात ती पुसायला जाऊ नका, चिखल होतो. रंग सुकू द्या, मग नाइफच्या पात्यानं कण अलगद उडवा.

म्हणून पहिला आराखडा, म्हणजे क्षितिज, गड आणि वाळूचे मोठे तुकडे, टर्पेंटाइननं पातळ केलेल्या अंबरनं, म्हणजे मातकट तपकिरी रंगानं, टाकावा. अंबरमध्ये मँगनीज असतं, त्यामुळं तो तसाही लवकर सुकतो. त्यावर जाड रंग ट्यूबमधला जसाच्या तसा. तेल घालायचंच तर शेवटच्या थरात, तेही थेंबभर. खाली कमी तेल, वर जास्त, हा जुना नियम यासाठीच आहे: तेलकट थर खाली राहिला आणि वरचा आधी आखडला, तर वरच्याला तडे जातात. मला विचाराल तर एका बैठकीत संपणाऱ्या चित्रासाठी तेलाची बाटली घरीच ठेवली तरी बिघडत नाही. ट्यूबमध्ये तेल असतंच आणि संध्याकाळचा उजेड तरी कितीसा थांबणार?

दोन-तीन दिवसांनी बेळगावात परतल्यावर तेलाची दुसरी बाजू दिसते. आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीच्या रात्री गार, आणि गारव्यात तेल रेंगाळतं. टायटॅनियम पांढरा, कॅडमियम आणि आयव्हरी काळा तर मुळातच आळशी. धूळ नको म्हणून चित्र कापडात गुंडाळून पलंगाखाली सारणारे बरेच आहेत. तेलाला हवा आणि उजेड लागतो. अंधारात ते जास्त पिवळं पडतं, पुन्हा उजेडात ठेवलं तर त्यातलं बरंच उतरतं. भिंतीला टेकवून उघडं ठेवा, फक्त कडक उन्हात नको.

धोक्याच्या बाबतीत मात्र लोकांचा अंदाज हमखास उलटा असतो. टर्पेंटाइनला सगळे घाबरतात आणि ते बरोबरच आहे. पस्तीस अंश सेल्सिअसच्या आसपास त्याची वाफ ठिणगीनं पेट घेऊ शकते, म्हणून उन्हात बंद गाडीत ती बाटली ठेवायची नाही. शिवाय घाटाच्या वळणांवर काचा बंद असतील तर त्या वासानं अर्धी गाडी उलट्या करेल. तेलाला कुणी घाबरत नाही. पण ऑक्सिजन घेताना तेल उष्णता सोडतं. जवसाचं तेल पुसलेली फडकी बोळा करून पिशवीत कोंबली तर ती उष्णता आतच साठते आणि काडी न लावता फडकी पेटू शकतात. परतताना ती डिकीत टाकू नका. वाळूवर तर मुळीच नको. झाकणाच्या डब्यात पाणी घालून त्यात बुडवून आणा आणि घरी आल्यावर एकेक सुटं करून अंगणातल्या तारेवर पसरा.